बडीशेप घातलेली वजडी

मरोळ, अंधेरी
२० जानेवारी २०२५

चंपाआत्या,

सप्रेम जय भीम. तुझ्या कानाचं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपला तू ‘रिकामटेकड्यांचं टपाल’ म्हणतेस, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. टपाल खात्यातून रिटायर झालेल्या आत्याचा भाचा म्हणून एवढं तर करायलाच हवं.

बातमी अशी की हॉटेल नक्की झालं. मरोळला एक जुना छापखाना बंद पडला होता, त्या जागेत. मार्चमध्ये उघडतोय. नाव ठेवलंय ‘वाटा’. गावी बोकड कापलं की वाटे घालायचे, आणि चांगले वाटे उचलून झाले की आपल्या लोकांकडे काय यायचं ते तूच मला सांगितलंयस. मुंडी, पाय, रक्ती, वजडी. तोच आपला वाटा मी पांढऱ्या टेबलक्लॉथवर मांडणार आहे. इतकी वर्षं मोठ्या हॉटेलांत लोकांना फ्रेंच सॉस करून वाढले, आता आपलं वाढतो.

परवा ओळखीच्या थोड्या लोकांना बोलावून चाचणी जेवण केलं. कण्यांची पेज, चिघळची भाजी, पायाचं सूप, सगळं बरं झालं. पण मैदान मारलं ते तुझ्या वजडीनं. कॉलेजात असताना तुझ्याकडे राहायचो तेव्हा दर रविवारी तू करायचीस, अगदी तशीच केली. बडीशेपेच्या पाण्यात शिजवली, मसाल्यात परतली आणि शेवटी निखाऱ्याची धुरी दिली. फक्त मांडणी माझी. खाली ज्वारीच्या भाकरीचा पातळ पापुद्रा, त्यावर वजडीचे कुरकुरीत तुकडे, आणि वर काचेचं झाकण. वेटर टेबलावर झाकण उचलतो, धूर भसकन बाहेर येतो, मग छोट्या किटलीतून रस्सा. एका बाईंनी डोळे मिटून घास खाल्ला आणि विचारलं, हे नक्की काय आहे. मी म्हटलं, बोकडाचा कोथळा आणि आतडी. बाईंनी डोळे उघडले, पण चमचा खाली ठेवला नाही.

माझी भागीदार जान्हवी तर वेडीच झालीय. तिचं म्हणणं, मेनूत ह्या पदार्थाचं नाव ‘चंपाबाईंची वजडी’ असंच हवं. खाली एक ओळ, ‘तीन पिढ्यांची धुरीची पद्धत’. तुझा तो ओट्याजवळचा हसरा फोटोही तिला मी दाखवला. तेव्हा परवानगी दे, आणि उद्घाटनाला ये. समोरच्या रसिलाबेनना पण आण. त्यांच्यासाठी शाकाहारी ताट वेगळ्या भांड्यात करेन, काळजी नको.

तुझा,
प्रबुद्ध

———

बोरीवली पूर्व
२७ जानेवारी २०२५

पबू,

पत्र पोचलं. तिकीट वाकडं चिकटवलंयस. आमच्या खात्यात असतास तर मी तुला पहिल्याच दिवशी सोलून काढलं असतं.

हॉटेलचं वाचून ऊर भरून आला. तुझ्या बापाला म्हणावं, दादू, पोराला हॉटेलात घालतेय म्हणून मला नावं ठेवत होतास, आता बघ. नाव पण झकास आहे. मात्र ते ताटाचं वर्णन काही माझ्या पचनी पडलं नाही. एवढं थोरलं ताट आणि त्यात वजडी चिमूटभर. माणूस घरी जाऊन परत जेवत असेल. आणि धूर काचेखाली कोंडून लोकांसमोर सोडतोस हे वाचून मी इतकी हसले की रसिलाबेन समोरून विचारायला आली, काय झालं म्हणून. तिला म्हटलं, भाच्यानं गंमत लिहिलीय.

चुना लावून घासताना कंजुषी करू नकोस. पाणी अगदी स्वच्छ येईपर्यंत धुवायची. तुझ्या वेटरांवर सोडू नकोस, ते वरवर धुतील.

आता नावाचं. माझं नाव नको घालूस. पद्धत माझी कुठली, तुझ्या आजीची. करमाळ्याला तिच्या हातची वजडी खायला लोक वाट वाकडी करून यायचे. तेव्हा घालायचंच तर ‘सोनाबाईंची वजडी’ घाल, तिचा फोटो दादूकडे असेल. माझा फोटो तर मुळीच नको, त्यात माझा एक डोळा बारीक आलाय.

उद्घाटनाचं बघू. रसिलाबेनचा गुडघा धरलाय, तिला अंधेरीपर्यंत कशाला दमवायचं. रोज चहाला माझ्याकडे येते तेच तिला पुरे होतं. खाकरे मात्र न चुकता आणते. स्वभावानं सोनं आहे बाई.

तब्येतीला जप. उभ्यानं जेवू नकोस.

आत्या

———

मरोळ, अंधेरी
५ फेब्रुवारी २०२५

आत्या,

ह्या वेळी तिकीट सरळ लावलंय, तपासून बघ.

तू म्हणालीस म्हणून रविवारी गोवंडीला गेलो. आजीचा फोटो मागितला आणि जाताना वजडीही घेऊन गेलो, म्हटलं बाबांना खाऊ घालावी. त्यांनी पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले. ‘हे गोड काय लागतंय?’ मी म्हटलं, बडीशेप. ‘वजडीत बडीशेप कुणी घातली?’ मी म्हटलं, तुमच्या आईनं. तर बाबा हसायलाच लागले. म्हणे, आमच्या घरी बडीशेप लग्नाच्या पंगतीत बघायला मिळायची, ती वजडीत घालायला माझी आई काय जहागीरदारीण होती? मग मी धुरीचं विचारलं. त्यावर तर त्यांना ठसका लागला. ‘अरे, ती चुलीवर शिजत होती. सगळं घर धुरानं काळं. वर आणखी धूर कोण घालतंय?’

म्हणजे आत्या, ही पद्धत आजीची नाही, तुझी आहे. तुझ्या डोक्यातून निघालेली. मग नाव आजीचं का सांगितलंस?

मी दोन दिवस विचार केला आणि मला एकच कारण सुचलं. ते लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहितो. तुला लाज वाटते का? बोरीवलीच्या सोसायटीतल्या चंपाबाईंचं नाव वजडीला जोडलं जाऊ नये, असं आहे का? असेल तर मला फार वाईट वाटेल. कॉलेजात पोरं डबे उघडायची आणि मी माझा झाकून खायचो. तेव्हा तूच मला दटावलं होतंस की आपल्या अन्नाला मान खाली घालायची नाही. मी हे सगळं त्या एका वाक्यावर उभं केलंय.

रागावू नकोस. पण खरं काय ते सांग. मेनू छपाईला जायचाय.

प्रबुद्ध

———

बोरीवली पूर्व
१४ फेब्रुवारी २०२५

पबू,

तुझं पत्र वाचून आधी इतका राग आला की उत्तर पाठवायचंच नाही असं ठरवलं. मग वाटलं, पोराला ठाऊकच नाही तर तो असंच समजणार. म्हणून आता ऐक, आणि मधे बोलू नकोस.

लाज मला कधी वाटली नाही. मला भीती वाटते, आणि ती सुद्धा एकाच माणसाची.

आम्ही ह्या बिल्डिंगमध्ये घर बघितलं तेव्हा इथे बहुतेक गुजराती होते आणि दोन-तीन कोकणी. आमचं नाव ऐकून कमिटीत कुरबुर सुरू झाली. तोंडानं म्हणायचे मटण-मच्छीच्या वासाचं, मनात काय होतं ते आम्हाला कळत होतं. तेव्हा रसिलाबेन उभी राहिली. तिची माझी ओळख काय, तर पोस्टाच्या खिडकीवर तिच्या भावाची पत्रं मी नीट शोधून द्यायचे एवढीच. ती सगळ्यांसमोर म्हणाली, ही बाई चांगली आहे, हिच्या घरात मांस शिजणार नाही, हा माझा शब्द. आम्हाला कुणी विचारलं नाही. घर मिळत होतं, आम्ही गप्प बसलो.

वर्षभर पाळलं सुद्धा. आमचे हे, म्हणजे तुझे मामा, मटण खायला दादूकडे गोवंडीला जायचे. एका रविवारी तिथे न जेवताच परत आले, वजडी कागदात गुंडाळून. म्हणाले, चंपे, मी तिकडे खातो आणि तू इथे वरणभात गिळतेस, माझ्या घशाखाली उतरत नाही.

मग मी चुन्यानं घासून घासून त्या वजडीचं फडकं केलं. रसिलाबेनच्या घरातून बडीशेप भाजल्याचा वास नेहमी यायचा, म्हणून शिजवायच्या पाण्यात बडीशेपेची पुरचुंडी सोडली. म्हटलं, वासात वास मिसळून जाईल. तरी धीर होईना, म्हणून कोळसा पेटवून त्यावर ऊद टाकला आणि दाराशी ठेवला. उरलेला निखारा वाटीत घालून पातेल्यातच ठेवला आणि झाकण दाबलं, म्हणजे झाकण काढलं की आधी धूर बाहेर पडावा. चव चांगली लागली हा नशिबाचा भाग. ही तुझी तीन पिढ्यांची पद्धत. आता लाव काचेचं झाकण.

गंमत पुढेच आहे. रसिलाबेनला वाटलं, मी रविवारी बुद्धवंदना करून धूप लावते. बाई किती भाविक आहे म्हणून तिनंही रविवारी तिच्या दारात धूप लावायला सुरुवात केली. मग खालच्या मजल्यावरच्यांनी. आता रविवारी आमच्या जिन्यात डोळे चोळत चढावं लागतं.

तुझे मामा गेले तेव्हा ती दहा दिवस माझ्या घरी झोपायला होती. तिच्या मुलीच्या लग्नात मी घरच्यासारखं पंगतीत वाढलं. पण एक गोष्ट मी कटाक्षानं पाळली. तिला माझ्या भांड्यातलं कधी जेवू घातलं नाही. चहा देते तो वेगळ्या पातेल्यात करून. शब्द मोडला तो माझ्या जिभेपुरता, तिचा नेम माझ्या हातून मोडायला नको. ती कधी स्वयंपाकघरात रेंगाळली की मीच तिला बाहेर बसवते.

आता पेपरात आणि मेनूत माझं नाव आलं तर तिला काय वाटेल? सगळ्या बिल्डिंगसमोर तिचा शब्द खोटा पडेल, तो सुद्धा माझ्यामुळे. ह्या वयात मला नवीन शेजारीण मिळणार नाही पबू, आणि मिळाली तरी नकोय. म्हणून नाव नको. एवढं माझं ऐक.

आत्या

———

मरोळ, अंधेरी
१९ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र काल मिळालं. आधी हसलो, मग लाजेचं लिहिलं होतं ते आठवून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. माफ कर.

पण वाट लागलीय. तुझं पत्र वाटेत असतानाच गेल्या रविवारी एका पेपरच्या पुरवणीत आमच्यावर अर्धं पान छापून आलं. जान्हवीनं तो मजकूर जानेवारीतच, तू नको म्हणायच्या आधी, पाठवला होता. तो परत घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळं आहे त्यात. ‘बोरीवलीच्या चंपाबाईंची वजडी’, तुझा ओट्याजवळचा फोटो, आणि वर त्या लिहिणाऱ्यानं स्वतःची अक्कल चालवलीय की बडीशेपेचा हलका गोडवा हे ह्या समाजाच्या शतकानुशतकांच्या पाककलेचं वैभव आहे. एरवी मी हे वाचून लोळलो असतो.

मेनूतून तुझं नाव काढलंय. पण पुरवणी घरोघरी गेली, ती मी कशी परत आणू? एकच आशा आहे की रसिलाबेन गुजराती पेपर वाचतात.

मी पुढच्या आठवड्यातच बोरीवलीला येतो. त्यांना सांगतो की ही सगळी माझी बनवाबनवी आहे, पद्धत माझी आणि नाव उगाच तुझं टाकलं. तू फक्त हो म्हण.

प्रबुद्ध

———

बोरीवली पूर्व
२ मार्च २०२५

पबू,

आला नाहीस ते चांगलं केलंस. शेजारच्या प्रांजलकडून निरोप मुद्दाम धाडला होता की येऊ नकोस. एक लपवायला इतकी वर्षं धूर केला, आता त्यावर तुझं खोटं कुठे चढवायचं.

रसिलाबेन गुजरातीच पेपर वाचते. पण बिल्डिंगचा तो व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे ना, त्यावर कुणीतरी ते अर्धं पान टाकलं, माझ्या फोटोसकट. आता कळलं मी त्याला काय म्हणते ते बरोबर आहे.

त्या दिवशी मी नेहमीसारखा चहा टाकला. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी टाकला, तरी नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात समोरासमोर भेटलो. तिनं ‘बरं आहे ना’ एवढंच विचारलं आणि कठडा धरून खाली गेली. भांडली असती तर मला सोसलं असतं.

बाकी कुणी काही बोललं नाही. उलट सेक्रेटरी विद्याधर सावंत घरी आले. मला वाटलं नोटीस आणली. तर बसून हळू आवाजात म्हणाले, ‘वहिनी, आमी घरात सुकट भाजतव ती खिडक्यो लावन. तुमी ती बडीशेप कितकी घालतास, जरा सांगा.’ मी त्यांना प्रमाण सांगितलं. म्हणजे ह्या बिल्डिंगमध्ये मी एकटीच नव्हते. एरवी पोट धरून हसले असते, पण ज्या दाराची मला काळजी ते बंदच आहे.

उद्घाटनाला मी येत नाही. रागावून नाही, खरंच सांगते. तिकडे लोक माझं कौतुक करतील आणि इकडे परत आल्यावर समोरचं दार बंद दिसेल, ते मला जमणार नाही. दादूला चांगला शर्ट घालायला सांग. तो नाही तर बनियनवर निघेल.

रविवारी वजडी केली नाही. धूपही लावला नाही. तिनंही लावला नाही.

आत्या

———

मरोळ, अंधेरी
१७ मार्च २०२५

आत्या,

परवा शनिवारी ‘वाटा’ उघडलं. तू नव्हतीस, तरी चांगलं झालं हे तुला कळवायलाच हवं.

बाबा नव्या शर्टात आले, वर घडीच्या रेषा तशाच. पायाच्या सुपाची छोटी किटली वेटरनं टेबलावर ठेवली, तर बाबांनी ती उचलून सरळ तोंडाला लावली. वेटर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, तसंच प्यायचं असतं. शेजारच्या टेबलावरचे दोघे तसंच प्यायले. कण्यांची पेज तीनदा मागवणारे एक काका होते, जाताना मला म्हणाले की त्यांची आई दुष्काळात हीच करायची आणि पोरं नाक मुरडायची. बाबा निघताना हात धुवायला आत आले आणि भांडी घासणाऱ्या मावशींशी अर्धा तास गप्पा मारून गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

एक मात्र सांगतो. वजडी वाढली नाही. मेनूतूनच काढलीय. लोक पुरवणी वाचून आले होते, सारखे विचारत होते. मी म्हटलं, ती आमच्या घरची आहे आणि घरातून अजून परवानगी नाही. जान्हवी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचंही बरोबर आहे, आमचा तोच हुकमी पदार्थ. पण तुझं नाव काढून तीच वजडी विकायची म्हणजे मी पुन्हा धूरच करायचा. ते मला नको. तू सांगशील तेव्हा लावेन, नाही सांगितलंस तर मुंडीवर भागवेन.

आत्या, एक विचारू? तू त्यांच्या दाराची बेल वाजवलीस का? तू चहा टाकून वाट बघतेस हे तू मला लिहिलंस. त्यांना सांगितलंस का?

प्रबुद्ध

———

बोरीवली पूर्व
२४ मार्च २०२५

पबू,

आत्याला शिकवायला लागलास. पण तुझं शेवटचं वाक्य पुन्हा वाचून मी उठले, चहा टाकला आणि उकळी येण्याआधी समोरची बेल वाजवली. नंतर धीर झाला नसता.

जाताना काय काय बोलायचं ते घोकलं होतं. तिनं दार उघडलं आणि मला एवढंच सुचलं, चहा टाकलाय, ये. तिनं पदर सारखा केला आणि आली, नेहमीच्या खुर्चीवर बसली. खाकरे नव्हते.

मी म्हटलं, रसिलाबेन, माझ्यामुळे तुझा शब्द खोटा पडला. तुला तोंड दाखवायला जागा नाही मला. ती म्हणाली, ‘शब्द मी दिला होता, तुला न विचारता. तुला घर पायजे होतं आणि मला चांगली शेजारीण. खोटी पडली तर मी पडली. त्याचं तू काय घेते मनावर?’ मी म्हटलं, मग रागावलीस कशावर?

तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, ‘चंपाबेन, त्या फोटोत तू चुलीजवळ हसते. लिहिलंय, चंपाबाई किती प्रेमानं लोकांना जेवू घालते. आणि मी इतकी वरसं समोर राहते. तू मला एक दिवस जेव बोलली नाय. माझ्याकडे तू पंगतीत बसली, मी तुझ्याकडे फक्त चहा पिते. स्वयंपाकघरात आली की तू मला बाहेर बसवते. मला वाटायचं, ही बाई मनातून मला आपली मानत नाय. आपल्या लोकांनी ह्यांना तरास दिला, ते ही विसरली नाय. पेपर वाचला तेव्हा वाटलं, सगळ्या जगाला वाढते, मलाच नाय.’

पबू, मी तिचा नेम सांभाळत होते आणि ती ते असं समजत होती. मग तिला सगळं सांगितलं. एकाच कढईत सगळं शिजतं, एकाच तव्यावर भाकरी, म्हणून तुला कधी विचारलं नाही. चहाचं पातेलं वेगळं ठेवलंय ते दाखवलं. बडीशेप तिच्या घरच्या वासावरून सुचली हे ऐकून ती रडता रडता हसायला लागली. म्हणाली, ‘म्हणजे अर्धी वजडी माझी.’ शुद्ध शाकाहारी बाई, आणि वजडीत हिस्सा मागते.

मग ती उठली आणि घरी गेली. मला वाटलं, झालं, गेली. तर पाच मिनिटांत परत आली, एका हातात स्वतःची कढई, दुसऱ्या हातात तवा, आणि पदरात वांगी. म्हणाली, ‘तो मसाला मला खायचाय. मटण नको, बाकी सगळं तसंच कर.’ तिचा गुडघा दुखतो म्हणून स्टूल ओट्याजवळ आणून दिलं. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून वांगी चिरत होती आणि मी खोबरं भाजत होते. खिडकी उघडीच होती. खालून सावंतांनी ओरडून विचारलं, वहिनी, आज काय बेत? तिनंच उत्तर दिलं, ‘तुमच्यासाठी नाय.’

दोन भाकऱ्या खाल्ल्या तिनं. रस्सा बोटांनी पुसून घेतला. तिखट लागलं तर पाणी प्यायली आणि परत वाढ म्हणाली.

तेव्हा आता वजडी लाव. नाव माझंच घाल, ‘चंपाबाईंची वजडी, बोरीवलीची पद्धत’. तीन पिढ्या, शतकं वगैरे काही लिहू नकोस. कुणी विचारलं की बडीशेप कशाला आणि धूर कशाला, तर आहे ते सांग. जान्हवीला म्हणावं, फोटो दुसरा काढू, दोघींचा. रसिलाबेन म्हणते तिचा चेहरा डाव्या बाजूनं चांगला येतो. मोठ्या ताटात जरा भरून वाढत जा.

हे काल रविवारी झालं. जेवण झाल्यावर आम्ही दोघींनी भांडी घासली. मी तिची कढई आणि तवा कोरडे करून तिच्या हातात दिले. तिनं ते घेतले, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याच मांडणीवर एका बाजूला ठेवून दिले. दारात जाऊन वळली आणि विचारलं, ‘चंपाबेन, उद्या काय करते?’

तुझी,
आत्या